परवागिल्ला

ऑपरेशन झालं तर संहिताला काय काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवू. बाथरूमच्या दाराला आतली कडी. जिना उतरताना पाठीमागे कोणाची पावलं नाहीत. येलहंक्याहून चिकपेटपर्यंत बसचा प्रवास, एकटीने, खिडकीजवळ बसून. गॅसवरचं दूध स्वतः उतरवायची मुभा. सव्विसाव्या वर्षी या गोष्टी कोणी मिळकतीत धरत नाही. इतरांना त्या जन्माबरोबर फुकट मिळालेल्या असतात. संहिताला त्या शाळेत असतानाच परत कराव्या लागल्या होत्या.

तिच्या आईला, अनुसूयाबाईंना, झोप मिळणार होती. वडिलांना, गुरुराजांना, मिळणार होता जावई, आणि तोही खोटं न बोलता. गुरुराजांना खोट्याचं वावडं होतं अशातला भाग नाही. चिकपेटेत साड्यांच्या घाऊक दुकानात गादीवर बसून 'रंग जाणार नाही' हे ते देवाचं नाव घ्यावं तितक्या सहज म्हणत. पण साडी परत आली तर बदलून देता येते. मुलगी परत आली तर काय करायचं, हे त्यांना कोणत्याही गिऱ्हाइकाने शिकवलं नव्हतं.

संहिताला फीट येई. बोलता बोलता ती थांबे, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलू लागत, उजवा हात ओढणीचं टोक चाचपत राही. जरा वेळाने ती परत येई आणि विचारी, "काय म्हणत होतीस?" हे चांगल्या दिवशी. वाईट दिवशी ती उभ्याची आडवी होई. दोन्ही दिवशी घरात त्याला 'चक्कर' म्हणत. चक्कर कोणालाही येते. उपासाने येते, उन्हाने येते. फीट फक्त त्यांच्याच मुलीला येत असावी, अशा बेताने हे सगळे जगत.

घराणं बंगळुरातलं जुनं. पूर्वज घोड्यावर बसून आले असं सांगत. अलीकडच्या पिढ्या सरकारी बसने जात. एवढ्या वर्षांत घरच्या मराठीत कन्नड इतकं मुरलं होतं, की कोणता शब्द कोणाचा हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांतला सर्वांत उपयोगी शब्द म्हणजे 'परवागिल्ला'. कोणी पायावर पाय दिला, परवागिल्ला. रिक्षावाला सुट्टे देत नाही, परवागिल्ला. ताप कसा आहे, परवागिल्ला. बरं आहे, चालेल, काही बिघडलं नाही, आणि कृपा करून पुढे विचारू नका, एवढं सगळं त्या एका शब्दात मावतं. संहिताबद्दल कोणीही काहीही विचारलं की गुरुराज तो शब्द पुढे करत. इतक्या वर्षांत तो कधी अपुरा पडला नव्हता.

सरकारी मोठ्या इस्पितळातल्या रविकिरण डॉक्टरांनी मात्र पुढे विचारलं. तीन तऱ्हेच्या गोळ्या चालू असूनही फीट थांबत नाही म्हटल्यावर त्यांनी मेंदूचं स्कॅन काढलं आणि उजव्या कानाच्या वर, आत, एक जुना व्रण दाखवला. सगळ्या फिटा तिथूनच निघतात असं सिद्ध झालं तर तेवढा भाग काढता येईल. अशा दहा जणांतले सहा-सात पुढे बरे राहतात, असं म्हणाले. संहिताने विचारलं, उरलेले तीन-चार काय करतात? डॉक्टर हसून म्हणाले, "आत्ता करताहेत तेच." एवढा सरळ सौदा गुरुराजांनी आजवर पाहिला नव्हता.

मेख 'सिद्ध झालं तर' या शब्दांत होती. त्यासाठी एक खास वॉर्ड होता. तिथे पेशंटला काही दिवस ठेवायचं, गोळ्या कमी करायच्या, डोक्याला तारा चिकटवायच्या, समोर कॅमेरा लावायचा आणि फीट यायची वाट बघायची. अनुसूयाबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं जा म्हणून नवस केले, आता ये म्हणून रांगेत उभं राहायचं की." रांग होतीच. त्या वॉर्डात खाटा एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्या, आणि आंध्रच्या सीमेपासून बेळगावपर्यंतची माणसं त्यांच्याकडे डोळे लावून बसलेली. वर्ष तरी लागेल, फोन येईल, असं सांगण्यात आलं.

तशीच खाट खासगी इस्पितळात पुढच्या आठवड्यात होती. गुरुराज चौकशीला गेले. काउंटरवरच्या मुलीने त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली आणि एक आकडा सांगितला. घरी येऊन त्यांनी कॉफीबद्दल सांगितलं. चांगली होती म्हणाले.

गरिबांच्या योजनेसाठी ते थोडे जास्त श्रीमंत निघाले. त्यांच्या रेशनकार्डाचा रंगच वेगळा होता. उरला विमा. या आजाराबद्दल गुरुराज आयुष्यात एकदाच, कोणी न मागता, खरं बोलले होते, ते विमा कंपनीशी. कंपनीने अर्ज परत पाठवला. त्यावरून घ्यायचा तो धडा त्यांनी घेतला.

रविकिरण डॉक्टरांच्या ओपीडीबाहेरच त्यांना सिद्धी आणि तिचा नवरा शार्दूल भेटले. अनुसूयाबाई मुलीला म्हणत होत्या, "स्वल्प सरक गं, पंख्याखाली बस," आणि पुढच्या बाकावरून एक मुलगी गर्रकन वळून म्हणाली, "काकू, तुम्ही मराठी?" सिद्धी पुण्याची, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, राहायला जे. पी. नगरात. तिलाही तेच दुखणं होतं, व्रणही उजवाच. ती इथे फक्त दुसरं मत घ्यायला आली होती. पहिलं मत खासगीतलं होतं आणि विकतचं असल्यामुळे त्यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

पुणेकरणीला यांच्या मराठीची गंमत वाटली. "काकू, 'जेवण केलात काय' असं किती गोड म्हणता हो तुम्ही." अनुसूयाबाईंना हिच्या मराठीत मराठी शोधावी लागत होती, पण मुलगी त्यांना आवडली. सिद्धी 'फीट' हा शब्द भर बाकावर, मोठ्याने, कांद्याचा भाव सांगावा तसा उच्चारत होती. गुरुराज दर वेळी आजूबाजूला बघत.

दोन्ही मुलींची गट्टी मात्र लगेच जमली. फीट यायच्या आधी काय होतं, हे आजवर दोघींनाही कोणाला समजावता आलं नव्हतं. सिद्धीला जळक्या रबराचा वास येई. संहिताच्या पोटातून काहीतरी वर चढत येई, लिफ्ट खाली जाते आणि पोट वरच राहतं तसं. "आणि हे आधी कधीतरी झालंय असं वाटतं का गं?" सिद्धीने विचारलं. संहिता म्हणाली, "वाटतं. आणि ते खरंच असतं. आधी झालेलंच असतं." दोघी इतक्या हसल्या की नर्सने बाहेर येऊन बघितलं.

सिद्धीचं ऑपरेशन दसऱ्याआधी उरकलं. शार्दूलच्या कंपनीचा विमा होता. त्यात बायकोला आधी काय आजार आहे हे विचारायची पद्धतच नव्हती. महिन्याभराने संहिता आईबरोबर तिला बघायला जे. पी. नगरला गेली. सिद्धीने डोक्याला रुमाल बांधला होता, कानापुढून एक टाक्यांची रेघ डोकावत होती. म्हणाली, "एक तुकडा काढला. आता विसरले तर शार्दूलला सांगायला मस्त कारण आहे." अजून एकही फीट आली नव्हती. संहिताने ती रेघ जवळून पाहिली, बोट लावू का विचारलं आणि लावलंही. परतताना बसमध्ये तिचं बोट स्वतःच्या कानापुढून फिरत होतं. अनुसूयाबाईंनी हेवा वाटला का विचारलं, तर म्हणाली, हेवा कशाला, नमुना बघून आले.

शार्दूल सरळ मनाचा होता आणि त्याला उपाय सुचल्याशिवाय चैन पडत नसे. एका रविवारी तो येलहंक्याला येऊन गुरुराजांसमोर मोबाइल धरून बसला. इंटरनेटवर लोकांना आवाहन करू, मी सगळं लिहितो, फोटो टाकू. फीट आलेली असतानाचा एखादा व्हिडिओ असला तर लोक लवकर मदत करतात. गुरुराजांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग आणखी एक डोसा वाढायला सांगितलं. त्यांच्या नात्यातले, दुकानातले, मराठा हॉस्टेलापासून देवळापर्यंतचे सगळे मोबाइल बघत असत. आणि त्याच महिन्यात आप्पाजींनी स्थळ आणलं होतं.

आप्पाजी म्हणजे समाजातले निवृत्त गृहस्थ. पेन्शन खात आणि लग्नं जुळवत. दुसरं काम पहिल्यापेक्षा जास्त मनापासून. स्थळ श्रीवत्सचं. मुलगा वीज मंडळात, एकुलता, शांत. संहिताने एकच अट घातली. ती लग्नाला नाही म्हणत नव्हती. आधी खाट मिळू दे, ऑपरेशन होऊ दे, मग त्यांना सगळं सांगून बघू, एवढंच. गुरुराजांनी मान डोलावली. ते ज्या गिऱ्हाइकाचं ऐकणार नसत, त्याच्यापुढे अशीच मान डोलावत. त्यांचा हिशोब असा होता, की खाट उशिरा येणार आणि स्थळ लवकर जाणार. तेव्हा आधी स्थळ धरावं, खाट कुठे पळते. इस्पितळात संपर्कासाठी त्यांनी स्वतःचा नंबर दिला होता. संहिता आपला देते म्हणत असताना दिला होता. मुलीचा मोबाइल उद्या सासरी जाणार, भलत्या वेळी वाजला तर?

त्यांच्यात मुलीच्या आधी बाप बघायची रीत होती. उघडपणे नव्हे, मुलाची आई साड्या घ्यायच्या निमित्ताने मुलीच्या बापाच्या दुकानात जाऊन बसे. माणूस गिऱ्हाइकाशी कसा वागतो, नोकरांवर ओरडतो का, मापात कसा आहे, हे साडी बघता बघता कळतं. त्याप्रमाणे एका बुधवारी सकाळी श्रीवत्सची आई, तिची एक बहीण आणि आप्पाजी चिकपेटेतल्या त्या अरुंद गल्लीत उतरले, चपला काढून पांढऱ्या चादरीच्या गादीवर बसले. गुरुराजांनी त्यांच्यापुढे दुकान उलगडलं. संहिताचं कामही मधेच दाखवलं: ती घरबसल्या साड्यांच्या पदरांना कुच्चू बांधायची, म्हणजे रेशमाचे गोंडे. मुलाच्या आईने एक गोंडा बोटांत फिरवून बघितला आणि हात चांगला आहे म्हणाली. आप्पाजींनी गुरुराजांकडे बघून डोळे मिटले. गोष्ट जमल्यात जमा होती.

तेव्हा फोन वाजला. दुकानातल्या गलक्यात ऐकू यावं म्हणून गुरुराज त्याचा आवाज कायम पूर्ण वाढवून ठेवत. त्यांनी तो कानाला लावला, पण गादीवर बसलेल्या सगळ्यांच्याच कानाला लावल्यासारखा झाला.

"संहिताचे वडील ना? इस्पितळातून बोलते," बाई कन्नडमध्ये म्हणाल्या. "कशी आहे ती आता?"

"परवागिल्ला, मेडम."

"फिट्स येतात अजून?"

मुलाच्या आईचा हात मोरपिशी साडीच्या काठावर होता. तो तिथेच थांबला. गुरुराजांनी पदर आणखी थोडा उलगडला.

"ईग एनू इल्ला," ते म्हणाले. म्हणजे आता काही नाही.

"काहीच नाही? बंद झाल्या?"

"सरी, मेडम, सरी. मग करतो मी फोन."

"चांगलं झालं. उद्याची खाट रिकामी झाली होती म्हणून विचारलं. मग पुढच्यांना देते."

फोन बंद झाला. इथे गुरुराजांनी जी चूक केली ती करायला साडीच्या दुकानातच जन्म घालवावा लागतो. 'पुढच्यांना देते' हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. ते स्वतः रोज वापरत: मागे एक पार्टी याच साडीसाठी थांबली आहे, तुम्हाला नको असेल तर त्यांना देतो. पार्टी कधीच नसते. साडी संध्याकाळपर्यंत तिथेच असते. गिऱ्हाईक एक चक्कर मारून येतं, दोघंही हसतात, सौदा होतो. अर्ध्या तासाने फोन करू, पाहुणे गेले की सगळं सांगू, असं मनाशी ठरवून त्यांनी मुलाच्या आईला सांगितलं, की ओळखीच्या बाई आहेत, शेजारच्यांच्या कोणाची तरी चौकशी करत होत्या. आणि पुढची साडी काढली.

पाहुणे साड्या बांधून घेऊन गेले. गुरुराजांनी फोन लावला तो लागेना. लागला तो उचलेनात. दुपारी उचलला तेव्हा भलत्याच विभागाचा निघाला. संध्याकाळी त्यांनी घरी सांगितलं, की इस्पितळातून फोन आला होता, आवाज नीट आला नाही, उद्या जाऊन येऊ.

दुसऱ्या दिवशी संहिता बरोबर गेली. फोन करणाऱ्या बाई जाड चष्म्याच्या, कामाने वाकलेल्या. वाईट अजिबात नव्हत्या. त्यांनी नाव ऐकलं आणि आनंदाने म्हणाल्या, "अरे, बंद झाल्या ना फिट्स? मी डॉक्टरांना सांगितलंसुद्धा."

"कोण म्हणालं बंद झाल्या?" संहिताने विचारलं.

बाईंनी गुरुराजांकडे बघितलं. संहितानेही बघितलं. गुरुराज भिंतीवरची कसलीतरी सूचना वाचू लागले.

खाट खरोखरच पुढच्यांना गेली होती. पुढचे म्हणजे रायचूरकडची एक बाई. ती रात्रीची गाडी पकडून मुलाला घेऊन आली होती आणि आत्ता आत त्याच्या डोक्याला तारा चिकटवणं चालू होतं. दाराच्या काचेतून ते दिसत होतं. मुलगा आठ-नऊ वर्षांचा असेल. त्याला उठवा असं म्हणायला जी माणसं लागतात, ती ही दोघं नव्हती. रविकिरण डॉक्टरांनी ऐकून घेतलं, कपाळ चोळलं आणि नियम सांगितला: नाव एकदा निघालं की पुन्हा ओपीडी, पुन्हा शिफारस, पुन्हा शेवटून. त्यांनी शिफारस तिथल्या तिथे दिली. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसली. हेब्बाळचा पूल ओलांडल्यावर संहिता म्हणाली, "अण्णा, घेतल्या का त्यांनी साड्या?"

"घेतल्या. दोन."

"मग परवागिल्ला," ती म्हणाली.

गुरुराजांना त्या वेळी कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण घरात शिव्यांची पद्धत नव्हती. अनुसूयाबाईंनी सगळं ऐकलं, ताटं वाढली आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलताना भिंतीकडे बघू लागल्या.

स्थळाचं उत्तर आठवड्याने आलं. आप्पाजी स्वतः आले, पाणीही अर्धंच प्यायले. नकार होता. गुरुराजांनी विचारलं, फिटचं कळलं का? आप्पाजी म्हणाले, "गुरुराज, तुझा तो फोन गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येतो. सगळं तिथेच कळलं की." मुलाच्या आईचं म्हणणं त्यांनी पोहोचवलं: आजाराचं काय, आजार कोणाच्या घरी नसतो, पण इस्पितळातून पोरीची खाट जात होती आणि बाप आम्हाला मोरपिशी दाखवत बसला, त्या घरची सोयरीक नको. सोयरीक मोडणारा माणूस असं मोठ्या मनाचं कारण नेहमीच देऊ शकतो. आजार कळून ती खरंच हो म्हणाली असती का, हे आता तिलाही सिद्ध करावं लागणार नव्हतं.

मग रांग. शार्दूलचं आवाहन आता गुरुराजांनी स्वतःहून मागितलं. संहिताने फोटो दिला, व्हिडिओही काढू दिला. शार्दूलने चांगलं लिहिलं होतं. पण त्या आठवड्यात त्याच पानावर एका तान्ह्या बाळाच्या हृदयाचं आवाहन होतं, एका शाळकरी मुलीच्या भाजलेल्या पायांचं होतं. सव्वीस वर्षांची, दिसायला धडधाकट, साडीला गोंडे बांधणारी बाई त्यांच्यापुढे फार मागे पडली. दया वाटायलाही रांग असते, आणि तिथेही तिचा नंबर बराच खाली होता. जमलं ते त्या कॉफीवाल्या इस्पितळात दोन दिवस राहायला पुरलं नसतं. सिद्धीने आपल्या कंपनीत विचारलं, मैत्रिणीला विम्यात घालता येईल का. कंपनीने फार सभ्य भाषेत विचारलं, मैत्रीण म्हणजे नात्याने कोण?

सिद्धी पुन्हा गाडी चालवायला शिकू लागली. संहिताला फोन करताना ती हे सांगायचं टाळे, आणि टाळते आहे हे संहिताला कळे. फोन हळूहळू लांबले. यात कोणाचं काही चुकलं नाही.

खाट मिळाली ती वर्ष उलटून, संक्रांत झाल्यावर. रोग्याजवळ घरचं एक माणूस बसावं लागतं: फीट सुरू होताना दिसली की एक बटण दाबायचं आणि बाजूला व्हायचं. संहिताने सांगितलं, अण्णा बसतील. शिक्षा म्हणून की क्षमा म्हणून, हे तिने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. गोळ्या कमी झाल्या. तिच्या केसांत तारा, डोक्याभोवती पांढरी पट्टी, समोर कॅमेरा. गुरुराज हातात बटण धरून स्टुलावर बसले. झोप येऊ नये म्हणून सारखे उठून तोंड धुवून येत.

पहिली फीट सकाळी चहाच्या वेळी आली. गुरुराजांनी बटण दाबलं, आणि मग इतक्या वर्षांत बसमध्ये, लग्नात, देवळाच्या पायऱ्यांवर जे केलं तेच केलं. चटकन उठले, पोरीच्या आणि बघणाऱ्यांच्या मधे उभे राहिले आणि तिच्यावर चादर ओढली. नर्स धावत आली. कॅमेऱ्यात गुरुराजांची पाठ आली होती. सदऱ्याची शिवण स्पष्ट दिसत होती. नर्स रागावून म्हणाली, झाकू नका, तिला बघू द्या. त्यांनी हात जोडले. पुढच्या वेळी ते खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि आपली मुलगी सगळ्यांना दिसू दिली. ते त्यांना फार कठीण गेलं.

शेवटच्या दिवशी रविकिरण डॉक्टरांनी तिघांना बसवलं. कागद उलटसुलट करत होते. चांगली बातमी असली की डॉक्टर कागद बघत नाहीत. म्हणाले, काही फिटा उजवीकडून निघताहेत, तिथे व्रण आहेच. पण दोन डावीकडून निघालेल्या दिसल्या. दोन्हीकडून निघत असतील तर एका बाजूचा तुकडा काढून उपयोग नाही. उलट आठवण जाण्याचा धोका.

"म्हणजे ऑपरेशन नाही?" संहिताने विचारलं.

"सध्या नाही. कवटीच्या आत तारा घालून आणखी एक तपासणी करता येते. ती इथे वर्षाला अगदी थोड्यांची होते."

रांग किती हे कोणी विचारलं नाही. गुरुराज पुढे सरकले. "डॉक्टर, मागच्या वेळी खाट आली होती. तेव्हा केलं असतं तर? तेव्हा एकाच बाजूने असतील का?"

"सांगता येत नाही."

"अंदाजाने."

"खरंच सांगता येत नाही. कदाचित तेव्हाही असंच दिसलं असतं. कदाचित नसतं."

गुरुराजांनी तोच प्रश्न कन्नडमध्येच फिरवून विचारला, मग पुन्हा इंग्रजीचे चार शब्द जोडून विचारला. त्यांना दोनांपैकी एक उत्तर हवं होतं: तुझ्यामुळे झालं, किंवा तुझ्यामुळे झालं नाही. कुठलंही चाललं असतं, ते उत्तर घेऊन घरी गेले असते. डॉक्टरांकडे दोन्हींपैकी एकही नव्हतं, आणि नसलेला माल देणारा माणूस तो नव्हता. शेवटी संहितानेच वडिलांच्या दंडाला धरून त्यांना उठवलं. "चला अण्णा, बाहेर लोक थांबलेत."

डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या यादीत आणखी एक नाव वाढलं होतं. डोक्याला चिकटवलेल्या तारांचा गोंद केसांत राहिला होता. घरी अनुसूयाबाई दोन दिवस तेल लावून तो सोडवत बसल्या.

आता कोणी काय भरलं ते बघू. इस्पितळाने दोन्ही वेळा नियमाने काम केलं. त्याच्याकडून काही येणं नाही. विमा कंपन्यांनी एका मुलीच्या ऑपरेशनचं सगळं बिल भरलं आणि दुसरीला नकार कळवण्याचा टपालखर्च. रायचूरच्या बाईने गाडीचं भाडं भरलं. तिच्या मुलाचं पुढे काय झालं ते इकडे कोणाला माहीत नाही. सिद्धी आणि शार्दूल यांनी आपल्याला जमलं ते दिलं, वर मैत्रीतलं थोडं गेलं. श्रीवत्सच्या आईने दोन साड्यांचे पैसे भरले, घासाघीस करून. आप्पाजींनी काही भरलं नाही. त्यांच्याकडे श्रीवत्ससाठी दुसरी मुलगी तयार होती. अनुसूयाबाईंनी झोप भरली. गुरुराज भरायला तयार आहेत, पण किती ते त्यांना कोणी सांगत नाही.

बाकीचं संहिताने. ती एकरकमी सुटत नाही, हप्त्याने भरते. या आठवड्यात मंगळवारी एक भरला, बोलता बोलता थांबून; काल दुपारी एक, उभ्याची आडवी होऊन.